गॅलरीतली तूर

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. सांगायची वेळ आली की मी विषय बदलायचो—उन्हाचा, पाण्याचा, कशाचाही. आता अकोल्यात मुलाकडे राहतो, येणारे-जाणारे ‘सर’ म्हणतात, आणि कोणीतरी हमखास म्हणतं की सरांनी होस्टेलच्या पोरांना बापाची माया दिली. ते ऐकलं की डोकं फिरतं. कसली माया?

अमरावतीत एका महाविद्यालयाच्या वसतिगृहाचा मी बरीच वर्षं रेक्टर होतो. नाव सांगत नाही. दोष इमारतीचा नव्हता. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मेस बंद व्हायची, पोरं गाद्या गुंडाळून गावी जायची आणि प्रत्येक खोलीला ऑफिसचं कुलूप लागायचं. सुट्टीत कोणी राहायचं नाही, हा नियम. मिलिंदला राहायचं होतं.

मिलिंद हिवरखेडचा. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष बाकी होतं. कडक उन्हात तुरीचं कोणतं वाण तग धरतं, यावर त्याचा प्रयोग चालला होता. खोलीमागच्या गॅलरीत कुंड्यांची रांग लावलेली. कोणत्या कुंडीला किती पाणी, हे तोच जाणे.

“सर, मले मे महिनाच पाह्यजे,” तो म्हणाला. “गावी नेलं तं बकऱ्याच माहा प्रयोग खातीन.”

मी हसलो. अर्ज कर म्हणालो नाही, वरून परवानगी आणतो म्हणालो नाही. मोठेपणा मिरवायचा होता ना मला. म्हणालो, “राह्य बिनघोर. समोरून ऑफिसचं कुलूप लावतो. तू मागच्या दारानं जाय-ये करत जाय.” आणि गॅलरीच्या दाराची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मी, माझ्या हातानं.

मग संस्थेच्या एका संचालकांच्या घरी लग्न निघालं. पाहुण्यांना उतरायला वसतिगृहाच्या खोल्या हव्या होत्या. विद्यार्थी राहिला तर नियम मोडतो, आणि लग्नाचे पाहुणे राहिले तर नियम कुठे जातो? हे तेव्हा विचारलं असतं तर? नाही विचारलं. संचालक स्वतः खोल्या पाहायला येणार हे मला आदल्या दिवशी कळलं होतं. मिलिंदला सांगायला दोन मिनिटं लागली असती. म्हटलं, ती खोली कोपऱ्यातली आहे, तिथवर येणार नाहीत.

आले. कुलूप उघडलं तर आत मिलिंद, बनियनवर, पुस्तक घेऊन बसलेला.

“काय सर, भाडोत्री ठेवले का तुमी?” संचालक म्हणाले. सोबतची माणसं हसली.

मी म्हणालो, “मले काहीच माहीत नाही, साहेब. मांगून घुसला असंल.”

किती सहज निघालं ते तोंडातून. मला राहायला क्वार्टर त्याच आवारात होतं, ते जाईल अशी भीती होती—असू दे, भीती सगळ्यांनाच असते. पुढचं ऐका. त्यांनी विचारलं, याच्याकडे किल्ली कशी? मी म्हणालो, डुप्लिकेट करून घेतली असंल.

म्हणजे चोर. मी त्याला चोर म्हणालो.

मिलिंद माझ्याकडे पाहत राहिला. पुढे कितीतरी वर्षं मी त्याच्यावरच चिडत होतो—तू बोलला काहून नाहीस रे? ‘सरांनीच दिली’ एवढं म्हणायला काय झालं होतं? बघा, माझी नीचता कुठवर जाते. खोटं मी बोललो आणि राग त्याच्या गप्प बसण्याचा.

त्याची पेटी सगळ्यांसमोर उघडली. कपडे झटकून पाहिले. पंखा, बल्ब जागेवर आहेत का ते तपासलं. तो पेटी उचलून निघाला, दारात थांबून म्हणाला, “सर, कुंड्याईले संध्याकाळी पाणी—” आणि तिथेच थांबला. मला काहीच माहीत नव्हतं ना. मग कुंड्या तरी कशा माहीत असतील?

तेच तर. मी पाणी घातलं नाही. बादली होती, नळ होता, क्वार्टर शंभर पावलांवर. पण कुंड्यांपाशी कोणी मला पाहिलं असतं तर? लग्नाचे पाहुणे आले, त्यांनी कुंड्यांत तंबाखूचा खर्रा थुंकला, पत्रावळी कोंबल्या. ते गेल्यावर मी गॅलरीत गेलो. एका कुंडीत एक रोप अजून हिरवं होतं. तग धरून. मी दार लावून घेतलं.

त्याला पुन्हा वसतिगृह मिळालं नाही. शिक्षण तिथेच सुटलं. मला मात्र निरोप समारंभात शाल मिळाली.

गेल्या वर्षी एसटीनं हिवरखेडला गेलो. त्याचं कृषी केंद्र आहे तिथे, बियाणं विकतो. मला पाहताच तो गल्ल्यावरून उठला, खुर्ची पुसून दिली, पाणी आणलं. मुलीला हाक मारून म्हणाला, “बेटा, पाया पड. सुट्टीत सारं होस्टेल बंद होतं, तवा या सरनं मले राहू देल्लं होतं.”

टोमणा होता का? मी त्याच्या डोळ्यांत शोधलं. नव्हता. त्यानं घरी एवढंच सांगितलं होतं. उरलेलं गिळलं होतं, माझ्यासारखंच. पण माझं गिळणं आणि त्याचं गिळणं एक आहे का?

मुलगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हो, ठेवला. चहा प्यालो, चहा चांगला झाला म्हणालो. तो मला गाडीत बसवायला स्टँडवर आला, खिडकीशी उभा राहिला. तेव्हाही वेळ होता.

‘मिलिंद, किल्ली मीच दिली होती, मी खोटं बोललो, मला माफ कर’—अकोल्यापासून घोकत नेलं होतं. गाडी सुटताना मी काच सरकवली आणि म्हणालो, “ऊन लय आहे, जाय आता घरी.”