आधी बोलायचं, मग फोटो

एक्स-रेबाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी वस्तीत त्यांना एक्स-रेबाईच म्हणतात. आता त्यांच्या गळ्यात कॅमेरा असतो, पायात कापडी बूट असतात, पण एकदा चिकटलेलं नाव असं सुटतंय कशाला! इस्पितळाच्या तळमजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत, एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या छात्या, गुडघे आणि मनगटं टिपली. माणूस आत यायचा, शर्ट काढायचा, गार पाटीला छाती टेकवून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. बाई काचेमागे जाऊन बटण दाबायच्या, की झालं, पुढचा या! "या वस्तीचं हाड न् हाड मला ठाऊक आहे, चेहरा म्हणाल तर एकाचा नाही," असं त्या म्हणायच्या.

म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी चेहरे काढायला घेतले. रोज सकाळी दहाच्या सुमाराला बाहेर पडायचं, कुणीतरी अनोळखी माणूस गाठायचा आणि विचारायचं, "दोन मिनिटं बोलाल का माझ्याशी?" सुरुवातीला लोकांना वाटायचं, बाई विमा विकायला आल्यात. कुणी म्हणायचं, लग्नाचं राहून गेलं, एकटीच राहते, म्हातारपणी डोक्यावर परिणाम झाला असेल. वाटू दे बापडं! बाईंचा एक नियम होता आणि तो त्या कुणाच्या बापासाठी मोडत नसत. आधी बोलायचं, मग फोटो. समोरचा मनातलं काहीतरी बोलेपर्यंत कॅमेऱ्याचं झाकण काढायचं नाही. नाहीच बोलला, तर नमस्कार करून पुढे चालू पडायचं. आणि फोटो काढलाच, तर आठवड्याच्या आत छापून ज्याचा त्याच्या हातात नेऊन द्यायचा, मागे तारीख घालून.

आणि लोक बोलायचे हो! माणसाला कुणी विचारत नाही म्हणून तो गप्प असतो, एवढंच. लाँड्रीवाल्याने सांगितलं, त्याच्याकडे एक काळा कोट नऊ वर्षं पडून आहे, न्यायला कुणी आलंच नाही, तरी दर वर्षी तो काढून पुन्हा इस्त्री करून ठेवतो. बाईंनी त्याचा त्या कोटाबरोबर फोटो काढला. मोठ्या दुकानाच्या दारातली पहारेकरीण म्हणाली, "दिवसभर सगळ्यांच्या पिशव्यांत डोकावते, पण घरी नवऱ्याच्या खिशात हात घालायची छाती होत नाही." आणि स्वतःच इतकी हसली, की फोटोत तिचे डोळेच दिसत नाहीत. असे आठशेच्या वर फोटो झाले. आठशे अनोळखी माणसं बाईंना आता रस्त्यात हात करतात.

पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशातली गत. बाईंचा सख्खा धाकटा भाऊ तीन गल्ल्या सोडून राहतो. फोटोंना चौकटी करून द्यायचं त्याचं दुकान आहे, वर दोन खोल्यांत संसार. त्याच्याशी बाई अकरा वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या. फिरत फिरत त्या त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायच्या आणि तिथल्या औषधांच्या दुकानापाशी थांबून मागे फिरायच्या. एवढं एकच त्यांना हवं होतं, त्या गल्लीत शिरायचं. बाकी आठशे फोटो ही त्याचीच टाळाटाळ होती, असं मी म्हणतो. बाईंना विचाराल तर त्या चिडतील.

त्याचं असं झालं. त्यांची आई भावाकडे राहायची. अकरा वर्षांपूर्वी तिला खोकला लागला. बाईंनी तिला आपल्याच इस्पितळात नेलं आणि एक्स-रे स्वतःच्या हातानं काढला. अंधाऱ्या खोलीत प्लेट धुतली, ओली असतानाच उजेडाला धरली. उजव्या बाजूला, वर, लिंबाएवढा पांढरा गोळा. सव्वीस वर्षं प्लेटा बघणाऱ्या डोळ्यांना वेगळं सांगायला लागत नाही. पण इस्पितळाचा कायदा असा, की प्लेट काढणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, काय आहे ते डॉक्टर सांगतील. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाई एका माणसाला "काही विशेष नाही हो" म्हणून बसल्या होत्या, आणि ते विशेष निघालं होतं. तेव्हापासून तोंडाला कुलूप ते कुलूप. त्यातून मोठे डॉक्टर रजेवर. रिपोर्ट यायला नऊ दिवस लागले.

ते नऊ दिवस बाई रोज संध्याकाळी आईजवळ जाऊन बसायच्या. "येईल हं रिपोर्ट, येईल," म्हणायच्या. आणि भाऊ? त्याला काय कल्पना! आईच्या खोकल्यानं त्याला झोप नाही, दुकानात कामं तुंबलेली, डोकं फिरलेलं. तो आईवर खेकसायचा, "नाटकं पुरे कर आता. पडून राहतेस म्हणून कफ सुटत नाही. ऊठ, जिना उतरून चढून ये." आणि आई बिचारी उठायची, भिंतीला धरून जिना उतरायची, चढायची. बाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. एकदा नव्हे, तीनदा पाहिलं. आणि अळीमिळी गुपचिळी.

आई महिनाभरात गेली. नंतर एक दिवस रडता रडता बाईंच्या तोंडून निघून गेलं, "मला तर प्लेट धुतानाच कळलं होतं रे."

भाऊ म्हणाला, "नऊ दिवस? मी तिला जिने चढायला लावत होतो, आणि तू शेजारी बसून बघत होतीस?"

"अरे, नियम होता..."

"घाल चुलीत तुझा नियम. परत या दारात पाऊल टाकू नकोस."

बाईंनी टाकलं नाही. तो चुकला असं त्यांना कधी वाटलंच नाही, हे सगळ्यात वाईट. समोरचा ओरडतो तेव्हा आपणही ओरडावं, म्हणजे भांडण तरी होतं आणि भांडण मिटतं तरी. इथे बाई मनातून कबूलच होत्या. कबूल माणूस कुठल्या तोंडानं जाणार?

गंमत अशी, की बाईंनी दिलेला फोटो लोक चौकटीत बसवायला नेमके त्याच्याच दुकानात न्यायचे. वस्तीत दुसरा आहे कोण! फोटोच्या मागे बाईंच्या हातची तारीख असायची, प्लेटांवर घालायच्या तशीच, तिरप्या आकड्यांत. भावाला अक्षर ओळखायला कितीसा वेळ? पण त्याने कधी कुणाला चकार शब्द विचारला नाही. चौकट मात्र झकास करून द्यायचा.

गेल्या महिन्यात शाळेच्या बसचा ड्रायव्हर बाईंच्या घरी आला, चौकट दाखवायला. बाईंनी त्याचा फोटो स्टिअरिंगमागे काढला होता. चहा घेता घेता म्हणाला, "काम एक नंबर आहे बाई, पण तो फ्रेमवाला काही खरा दिसत नाही. खिळा ठोकायला घेतला आणि दोनदा खोकून हातोडी खाली ठेवली. नुसता सांगाडा झालाय. दुकान बंद करणार म्हणत होता."

बाईंची बशी हातात तशीच राहिली. "खोकला कोरडा आहे की ओला?"

"आता मी ड्रायव्हर माणूस, मला काय कळतंय त्यातलं!"

"रक्त पडत होतं का?"

ड्रायव्हरनं कप खाली ठेवला. "तुमचे कोण लागतात ते?"

"भाऊ," बाई म्हणाल्या. अकरा वर्षांत हा शब्द त्यांनी मोठ्यानं उच्चारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता त्या निघाल्या. औषधांच्या दुकानापाशी पाय सवयीनं थांबले. थांबले तर थांबले. बाईंनी स्वतःलाच एक सणसणीत शिवी हासडली आणि गल्लीत शिरल्या.

दुकान होतं तसंच होतं. भिंतीवर चौकटींचे कोपरे टांगलेले, सोनेरी, काळे, तपकिरी. काचा एकीकडे उभ्या लावलेल्या. सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास. काउंटरमागे भाऊ स्टुलावर बसला होता, आणि शर्टाच्या कॉलरमध्ये त्याची मान अशी हलत होती, की शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटावा. लहानपणी त्याला बारक्या म्हणायचे, तर तो चिडून दोन भाकऱ्या जास्त खायचा.

बाईंनी रात्रभर काय काय बोलायचं ठरवलं होतं. ते सगळं गेलं कुठल्या कुठे. तोंडातून निघालं ते रोजचंच, "दोन मिनिटं बोलाल का माझ्याशी?"

भावानं वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मी अनोळखी बायांशी बोलत नाही." आणि मग दुसरं स्टूल पायानं पुढे सरकवलं. "ये गं ताई. बस."

बाई बसल्या. कॅमेरा काउंटरवर ठेवला.

"आधी बोलायचं, मग फोटो, असा नियम आहे म्हणे तुझा," भाऊ म्हणाला. "तुझी माणसं सांगतात इथे येऊन. मग बोल आता." त्याने खालचा खण ओढला, मोठं खाकी पाकीट काढलं आणि बाईंच्या पुढ्यात सरकवलं. "हे बघ आणि बोल."

पाकिटात काय असणार, हे बाईंना हात लावताच कळलं. त्या उठल्या, दारात गेल्या, प्लेट उजेडाला धरली. या खेपेला डावी बाजू होती. गोळा आईच्यापेक्षा मोठा होता, आणि खाली आणखी दोन छोटे. जिभेवर आयतं वाक्य तयारच होतं, एकतीस वर्षं घोटलेलं. "डॉक्टरांना दाखव, ते सांगतील." तोंड उघडलंही त्यांनी त्यासाठी. मग मिटलं.

त्या परत येऊन त्याच्या समोर बसल्या आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "बारक्या, हे वाईट आहे रे. आईला होतं तेच आहे. आणि पसरलंय."

भावानं मान हलवली. "माहितीये. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनीच सांगितलं."

बाईंचं डोकंच सटकलं. "मग मेल्या, माझी परीक्षा घेत होतास? या वयात? लाज नाही वाटत?" त्यांनी ते पाकीट त्याच्या खांद्यावर हाणलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा हात उचलला तो तसाच राहिला. काउंटरवर डोकं टेकून त्या हमसून हमसून रडल्या. रस्त्यावरून जाणारं कुणी आत डोकावलं, भावानं हातानं "पुढे जा" म्हटलं.

"परीक्षा नाही गं," तो म्हणाला. "घरात अजून माहीत नाही. रोज सकाळी ठरवतो, आज हिला सांगायचं. ती चहा आणते. विचारते, साखर कमी झाली का? मी म्हणतो, नाही, बरोबर आहे. झालं, संपला दिवस. एकवीस दिवस झाले, ताई. तुझे तर नऊच होते."

बाईंनी डोकं वर केलं.

"मला रोज वाटतं, ती रागावलीय माझ्यावर. मी दुकानातून वर जात नाही, नीट जेवत नाही, उगाच वैतागतो. तीही मग बोलते मला. बोलू देतो. आणि तरी तोंड उघडत नाही. कळलं मला तुझं तेव्हा काय झालं असेल ते. फार उशिरा कळलं." त्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हाताला सगळ्या बरगड्या लागत होत्या.

"अकरा वर्षं रे बारक्या," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं वाया घालवली आपण."

"हो ना."

"मी यायला हवं होतं."

"मीही तीनच गल्ल्या लांब होतो ना? मला पाय नव्हते?" भावानं नाक पुसलं. "आता एक कर. तू सांग तिला. तुला आता जमतं."

"एकटी नाही सांगणार. तूही चल. तू नुसता शेजारी उभा राहा, बोलते मी."

कॅमेरा काउंटरवरच राहिला. जिन्यात भाऊ दर चार पायऱ्यांना थांबत होता, आणि बाई एक पायरी मागे राहून त्याच्या कंबरेशी हात धरून होत्या.

वर भावजय चादरी घड्या करत होती. दारात आधी तिला बाईच दिसल्या. हातातली चादर पलंगावर टाकून ती धावतच आली. "अगं बाई! वन्सं! आलात? खरंच आलात?" तिने बाईंचे दोन्ही हात धरले, खुर्चीवरचे कपडे ढकलून खाली पाडले. "बसा ना. किती वर्षं मी ह्यांच्या मागे लागलेय, जाऊन या, जाऊन या, रक्ताची बहीण आहे ती. ऐकतील तर शपथ! म्हणूनच इतके दिवस तोंड पाडून बसले होते होय? मला सांगायचं तरी. थांबा, चहा टाकते आधी." ती रडत होती आणि हसत होती, आणि पदरानं खुर्ची पुसत होती. इतक्या आनंदात बाईंनी तिला तिच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं, की नवरा अजून दारातच उभा आहे आणि जमिनीकडे बघतोय. तिचा हात खुर्चीवरच थांबला.

"काय झालंय?" तिने विचारलं. "भांडण मिटलंय ना?"

"मिटलं गं," बाई म्हणाल्या, आणि तिला हाताला धरून त्याच खुर्चीवर बसवलं. "आता चहा राहू दे. मला तुला एक सांगायचंय."