बाबांचा पाय आणि ब्रेकचा पाईप

कामठी रोडवरच्या सिग्नलला बाबांनी ब्रेक मारला आणि आमची जुनी पिकअप पुढच्या ऑटोपासून वीतभर अंतरावर कशीबशी थांबली. मागे रोपांच्या कुंड्या एकमेकींवर आदळल्या. बाबांच्या कपाळावर घाम होता.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. ऑटोवाला एकदम थांबला."

ऑटो तर केव्हाचा थांबलेला होता.

आमच्या नर्सरीत पोचल्यावर ते उतरले आणि उजवी मांडी चेपत उभे राहिले. बाबा सत्तरीचे, दर आठवड्याला रोपं घेऊन एकटेच सावनेरला जातात. दोन-तीनदा विचारलं तेव्हा कुठे बोलले.

"पायातली ताकद गेली वं. पंधरा दिवसांपासून ब्रेक दाबल्या जात नाही. रोज सकाळी पायाचा व्यायाम करून राहिलो, पण फरक नाही."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तू चाबी काढून घेतली असती."

घेतलीच असती. तेव्हाही माझं लक्ष चाबीकडेच होतं.

मग मीच सीटवर बसले, इंजिन सुरू करून ब्रेक दाबला. दगड! माझ्यानंही दाबवेना. बॉनेट उघडलं तर इंजिनच्या धडधडीत कुठूनतरी सू-सू ऐकू येत होतं. ब्रेक हलका चालावा म्हणून एक पंप रबरी पाईपातून हवा ओढून घेत असतो. इंजिन बंद करून तो पाईप चिमटीत धरला, तर बिस्किटासारखा तडकला.

सदर बाजारातल्या स्पेअर पार्टवाल्यानं आधी पाण्याचा पाईप पुढे केला. तो हवेच्या ओढीनं चपटा झाला असता, म्हणून मी जाड, व्हॅक्यूमचाच मागून घेतला. जुना काढणं मात्र नाजूक काम होतं. त्याचं टोक ब्रेकच्या डब्याच्या प्लॅस्टिकच्या तोंडाला घट्ट चिकटलं होतं. ते तोंडच मोडलं तर? ब्लेडनं उभी चीर दिली आणि रबर कण कण सोलून काढलं. बाबा शेजारी उभे राहून सारखे म्हणत होते, "हळू वं, हळू."

नवा पाईप बसला, क्लिपा आवळल्या. तरी धाकधूक गेली नाही. ब्रेक सुधारला आणि बाबांचा पायही खरंच कमजोर निघाला तर?

त्यांना सीटवर बसवलं. आतली उरलीसुरली ओढ संपावी म्हणून इंजिन बंद ठेवूनच चार-पाच वेळा ब्रेक दाबायला लावला. "आता पाय दाबूनच ठेवा, अन् चाबी फिरवा."

इंजिन सुरू झालं आणि त्यांच्या पायाखालचं पेडल अलगद खाली गेलं.

"गेलं वं! आपोआप गेलं!" ते कितीतरी वेळ पायाकडे बघत राहिले. मग तोंड पलीकडे फिरवून त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले.

बाजाराच्या दिवशी ते सावनेरला निघाले. दुपारपर्यंत मी तीन फोन केले. तिसरा उचलून बाबा ओरडलेच, "पोचलो ना! गिऱ्हाइकं उभी आहेत, ठेव आता."