टपरीकडे पाठ

मावल्याच्या बसथांब्यावर तो रोज रस्त्याकडे पाठ करून, सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पन्नी तळहातावर घोटत बसे. रस्त्यापलीकडे शाळा आणि तिच्या फाटकाला खेटून खर्र्याची टपरी! कायद्याची ती उघड विटंबना पाहून संतापून मी एकदा त्यालाच खडसावले.

त्याने पन्नी उघडली. आत बडीशेप आणि भाजलेली जवस होती. त्याच्यासमोर बसलेल्या सोबत्याचे तोंड खर्र्याने इतके आखडले होते की जेमतेम एक बोट शिरे.

“दोघांनी मिळून सोडला, काकाजी. पन यानं हात पुढं केला का मले नाई म्हनवत नाई. मंग हेच घोटून देतो. तुमी आमच्यावर काऊन भडकून राह्यले?”

टपरीविरुद्धच्या माझ्या एकाही अर्जाला उत्तर नाही. अधिकाऱ्यांना ती हटवता येत नाही. म्हणून सोबत्याला ती दिसू नये, एवढ्यासाठी हा माणूस रोज त्याच्या आणि टपरीच्या मध्ये बसतो.