नळीतलं पांढरं कडं

बारावीला मुलुंडच्या एका क्लासात केमिस्ट्री शिकवणारे एक सर होते. शिकवायचे म्हणजे काय, ओरडायचे. ऐंशीच्या दशकात मुलगी डॉक्टर व्हावी अशी ज्यांची इच्छा, त्या सगळ्या बापांना तो आवाज म्हणजेच विद्वत्ता वाटायची. माझे बाबाही त्यातलेच.

एका रविवारी सरांनी पालकांना प्रयोग दाखवायला बोलावलं. आडवी काचेची नळी, एका टोकाला अमोनियात भिजवलेला कापूस, दुसऱ्या टोकाला हायड्रोक्लोरिक ॲसिडचा. दोन्हींचे वायू भेटतील तिथे पांढरं कडं उमटणार. सरांनी नळीच्या बरोब्बर मधोमध लाल खूण केली. "दोघं एकदम निघाले, मध्येच भेटणार!"

कडं उमटलं ते ॲसिडच्या टोकाकडे.

"पंखा बंद करा," सर म्हणाले. नळी दोन्हीकडून बंद, तिला पंख्याचं काय! पण चाळीस माणसं मुकाट घामाघूम झाली. पुन्हा तेच. मग नळीच खराब म्हणून त्यांनी दोन टोकांच्या कापसांची अदलाबदल केली. कडंही बाजू बदलून पुन्हा ॲसिडजवळच.

मला राहवेना. "सर, अमोनियाचा रेणू हलका आहे ना. ॲसिडच्या वायूचा दुपटीहून जड. तापमान सारखं असलं की हलका जोरात पळतो. तो जास्त अंतर कापणारच."

"तू शिकवणार मला? बस खाली!"

पालक हसले. बाबा तर सगळ्यात मोठ्याने. सरांनी अंगठ्याने लाल खूण पुसली, कडं होतं तिथे नवी केली आणि नळी उंच धरली. "बघा, बरोब्बर खुणेवर!"

टाळ्या पडल्या. साहेबाने जांभई दिली तरी मान डोलावणारी ही माणसं. यांना डोळ्यांसमोरची खूण हललेली दिसली नाही, की दिसूनही चालली, देव जाणे.

जिन्यात बाबा म्हणाले, "चार लोकांत सरांना उलट बोलतेस? लाज नाही वाटत?"

"वाटते ना. तुम्ही टाळ्या वाजवल्यात त्याची."

त्या क्लासात मी परत पाऊल टाकलं नाही. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. घर बरंच शांत होतं. पुस्तक वाचून केमिस्ट्रीत चांगले मार्क मिळवले, तर सरांनी क्लासच्या दारावरच्या बोर्डावर माझा फोटो लावला. बाबा तो दाखवायला नातेवाइकांना घेऊन जायचे.