उन्हात ठेवलेल्या नळ्या

प्रकाशरसायनात पीएचडी केली आणि झक मारली, असं नव्वदच्या दशकात मला रोज वाटायचं. ऑरगॅनिकवाल्या पोरांना कंपन्या उचलून न्यायच्या. आमच्या विषयाची जागा निघायची कधीमधी, तीही एखादी. ती निघेस्तोवर पोट भरायला मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लागलो. सकाळी पेणहून गाडी, दिवसभर लॅबमध्ये दुसऱ्यांच्या बाटल्या तपासायच्या, संध्याकाळी परत.

अखेर मुंबईच्या एका संशोधन संस्थेत जागा निघाली. माझे गाइड म्हणाले, "नुसती डिग्री घेऊन जाऊ नकोस, नवीन काहीतरी करून दाखव." करू कशावर, कपाळ? विद्यापीठातला प्रयोगाचा दिवा गेलेला, नवा परदेशातून यायचा, आणि त्याची फाइल कुणाच्या टेबलावर झोपली होती देव जाणे. शेवटी तेच वैतागून म्हणाले, "पेणला ऊन आहे ना?"

ऊन होतं. आमचा गणपतींचा कारखाना. खाली मूर्तींतून पाय ठेवायला जागा नाही, मोकळी फक्त गच्ची. तिथं मी काचेच्या नळ्यांत कापडाच्या रंगाचं पाणी भरून ठेवलं. उन्हानं रंग मोडतो, पाणी फिकं होतं. किती वेगानं होतं ते मोजायचं, एवढंच काम. सकाळी नळ्या मांडून गाडी पकडायची, संध्याकाळी येऊन बघायचं.

कसलं काय अन् कसलं काय. रंग जागचा हलेना. कपाटात काळ्या कागदात गुंडाळून ठेवलेली नळी आणि गच्चीवरची नळी, दोघी सख्ख्या बहिणी. पाणी बदललं, रंग बदलला, नळ्या घासून हात सोलले. डोक्यात नुसती तिडीक जायची. मला काही येतच नाही, असं वाटायला लागलं. आईनं चहा पुढं केला तरी तिच्यावर खेकसायचो.

मुलाखतीच्या दिवशीही सवयीनं नळ्या मांडून निघालो. समोरच्या साहेबांनी माझे आकडे बघितले. "एवढ्या उन्हात रंग उडालाच नाही?"

"नाही सर."

"का?"

"माहीत नाही."

त्यांनी शेजाऱ्याकडे बघितलं, कागद परत दिले, आणि मी बाहेर. जागा गेली हे मला जिन्यातच कळलं.

भर दुपारी पेणला उतरलो आणि तडक गच्चीवर गेलो. नळ्या फोडूनच टाकणार होतो. बघतो तर त्यांच्यावर दुपदरी गोधडी पसरलेली.

आई मागोमाग वर आली. रंगवलेली मूर्ती उन्हात राहिली तर तिचा जीव खालीवर व्हायचा.

"ही कुणी टाकली?" मी विचारलं.

"मीच. तू गेलास का रोज टाकते, ऊन उतरलं का काढते. नोकरीचं काय झालं?"

"नाय मिळाली."

तिनं गोधडीचं टोक उचलून आत बघितलं.

"असं कसं रे? रंग तर जरासुद्धा उडू दिला नाय मी."