धाकटीला सगळे सांगतात

माझ्या धाकट्या जावेचं कौतुक करायला लोक नेमके माझ्याकडेच येतात. "तुमच्या धाकटीचा स्वभाव म्हणजे!" असं म्हणून माझ्या तोंडाकडे बघत राहतात. मी हसते. पोटात दुखतं ते पोटातच ठेवते.

आमचा पडदे शिवायचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांबट खोली, भिंतीकडेला शिलाई मशिनं, मधे कापायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री आणि टोकाला छोटं ऑफिस. सासऱ्यांनी तो आवाजाच्या जोरावर चालवला. ते दारात दिसले की मशिनं आपोआप भरभर चालायची. मी लग्न होऊन आले आणि त्यांचंच बघून शिकले. आवाज चढवायचा, चुकलं की सगळ्यांदेखत झाडायचं, आणि आपण कात्री हातात घेतली की बाकीच्यांनी तोंडावर बोट ठेवायचं. सासरे आल्यागेल्याला सांगायचे, "ही सून नाही, माझा मुलगाच आहे." त्यांचे दोन्ही खरे मुलगे शेजारी बसून चहा प्यायचे. पण त्या एका वाक्यावर मी किती वर्षं मिरवले!

मग धाकटी आली. आधी ती एका दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची. कापडातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. अस्तर कुठल्या बाजूने लावतात हे तिने इस्त्रीवाल्या मावशींना विचारलं, तेही सगळ्यांसमोर, मशिनांच्या मधे स्टूल ओढून. मला वाटलं, गेली हिची पत. तर मावशी इस्त्री बाजूला ठेवून तिला शिकवायला बसल्या.

रोज सकाळी आली की ती विचारायची, "आज कुठे अडलंय?" आणि लोक सांगायचे! माझ्यापासून लपवलेले वाकडे टाके, जळालेले कोपरे, सगळं तिच्यासमोर आणून ठेवायचे. "बरं झालं आत्ताच सांगितलंत," म्हणायची. लोणी लावते नुसती, असं मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण माल वेळेवर जातोय ना हल्ली." मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

मी आत गेले की मला खुर्ची मिळते, फडक्याने पुसून. तिला कोणी खुर्ची देत नाही. तिच्यासाठी बाकावर सरकून जागा करतात. मला ती सरकून केलेली जागा हवी होती, आणि हे मी कोणाजवळ बोलणार?

सासऱ्यांचे गुडघे अगदीच गेले तेव्हा त्यांनी जाहीर केलं, "सभागृहाच्या पडद्यांचं काम पार पडलं की ऑफिसच्या चाव्या दोघींपैकी एकीकडे देणार आणि मी सुटणार." मी मनाशी ठरवलं, चाव्या माझ्याच. कापायच्या कामाला मी कोणाला हात लावू दिला नाही.

काम मोठं होतं. रंगमंचाचा मरून रंगाचा मखमली पडदा, त्याच्यावर नागमोडी काठाची लांब झालर, आणि बाजूच्या दोन दारांवर तशाच छोट्या झालरी. मखमलीला लव असते. ती खाली वळलेली असेल तर कापड उजळ दिसतं, वर असेल तर गडद. म्हणून शेजारीशेजारी लावायचे तुकडे एकाच दिशेने कापावे लागतात. हे आमच्याकडे झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक आहे.

लांब झालर अर्धी कापून झाली होती, तेवढ्यात सभागृहाच्या मॅनेजरचा फोन आला. "धाकट्या वहिनी आहेत का? त्यांच्याशीच बोलतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोन तिच्या हातात दिला, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवून ठेवलेला तागा त्याच टोकाकडून ओढला आणि फडाफडा कापत सुटले. खोलीत चिडीचूप. मला वाटलं, बघतायत माझा हात कसा चालतो ते.

झालर शिवून दांडीवर टांगली आणि मी चार पावलं मागे सरून बघितलं. अर्धी झालर उजळ, अर्धी काळपट. फोन आल्यावर तागा उलट्या टोकाकडून ओढला होता मी! नागमोडी काठ खाली, त्यामुळे तुकडे उलटे करून लावायचीही सोय नाही.

"आंधळे आहात का सगळे?" मी ओरडले. "एकालाही दिसलं नाही?"

मावशींनी खाली बघितलं. "दिसलं, मोठ्या वहिनी. पहिल्याच तुकड्याला दिसलं."

"मग दातखीळ बसली होती का?"

"तुम्ही कापताना बोललेलं चालत नाही."

धाकटी स्टूल घेऊन झालरीखाली बसली आणि वर बघत म्हणाली, "ताई, थांबा. काय करता येईल, सांगा बरं सगळ्यांनी." एकाने एक सांगितलं, दुसऱ्याने खोडलं. मग मावशीच म्हणाल्या, की काळपट तुकडे दारांवर टाका, तिथे शेजारी उजळ कापड नाही, कोणाला कळणार? दारांसाठी ठेवलेली मखमल मोठ्या झालरीला आली. वाचलो.

सासऱ्यांच्या कानावर गेलंच. "कापलं कोणी?" त्यांनी विचारलं. धाकटी म्हणाली, "बाबा, ते निस्तरलं आम्ही." बस. माझं नाव घेतलं असतं तर मी तिच्याशी कडाडून भांडले असते, निदान तेवढं तरी सुख मिळालं असतं!

चाव्या तिला मिळाल्या. सासरे मला म्हणाले, "तू माझ्यासारखीच आहेस गं." हे वाक्य मला इतकं झोंबेल असं वाटलं नव्हतं.

पण मी हार मानणारी नाही. तिला जमतं ते मला का जमू नये? दुसऱ्या दिवशी टेबलाशी उभी राहून सगळ्यांना म्हटलं, "यापुढे माझं काही चुकलं तर तिथल्या तिथे सांगायचं. मी रागवणार नाही." सगळ्यांनी मुकाट्याने माना डोलावल्या. मग मी मखमलीचा तुकडा घेतला, त्यावर मुद्दाम लवेच्या उलट दिशेने कागदी साचा ठेवला, खडूने खुणा केल्या आणि कात्री उघडून थांबले.

एकेक मशिन थांबलं. सगळ्यांनी बघितलं होतं. मी कात्री तशीच धरून उभी राहिले. बोला ना, मनात म्हणत होते, एकाने तरी बोला.

मावशींनी इस्त्री उभी करून ठेवली आणि पदराला हात पुसत उठल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी चेहऱ्यावर हसू आणलं, अगदी धाकटीसारखं.

मावशी टेबलाला वळसा घालून, माझ्या अंगावरून पुढे गेल्या. ऑफिसच्या दाराशी थांबून त्यांनी हळूच हाक मारली, "धाकट्या वहिनी, जरा येता का इकडे?"