हरवलेल्या पोरांची खिडकी

एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, तेच रांग लावून येतात! ऐंशीच्या दशकात चंद्रपूर स्टँडवर माईक माझ्या हातात होता. गाड्या पुकारायच्या, सापडलेली पोरंही पुकारायची. आमच्या कंट्रोलर मेश्रामभाऊंचा नियम कडक होता. पोराचे कपडे माईकवर सांगायचे नाहीत. न्यायला येईल त्याने ते ओळखून सांगायचे, मगच पोर हवाली.

*

पहिल्याच आठवड्यात एक पोरगा सापडला. नाव काय? "बाबू." मी तेच पुकारलं. खिडकीशी धापा टाकत सात बाप! आपल्याकडे घरोघरी बाबूच. सहा जणांचे बाबू रसवंतीपाशी निघाले. मेश्रामभाऊ म्हणाले, "बाई, सहा बापायले फुकटात रडवलं तुम्ही!"

*

एटापल्लीकडची एक चिमुकली सापडली, तिला फक्त गोंडी यायची. मी तासभर शुद्ध मराठीत पुकारत राहिले. शेवटी झाडू मारणाऱ्या लच्चुबाईने माईक घेतला आणि गोंडीत दोन वाक्यं बोलली. पोरीची आई भोंग्याखालीच रडत बसली होती! लच्चुबाई मला म्हणाली, "तिले वाटलं, तू गाडीचंच सांगून राह्यली." मला फार लाज वाटली.

*

चंद्रपूरच्याच दीक्षाभूमीच्या सोहळ्याच्या गर्दीत एका बाईची मुलगी हरवली, ती मिळालीच नाही. त्यानंतर दर वर्षी सोहळ्याला आई खिडकीशी यायची. "सहा वर्षांची पोरगी म्हना." सहाव्या खेपेला मी भीतभीत विचारलं, "बाई, आता बारा म्हणू का?"

"सहाच म्हना. मोठी झालेली मी पाह्यलीच नाई."

मी सहाच म्हटलं.

*

आणि तो कोरपन्याकडचा मजूर. मुलीला सावली गावी आजीकडे सोडायला निघाला होता. गाडी विचारायला गेला तेवढ्यात पोर दिसेनाशी झाली. ती आमच्या बाकावर झोपली होती, पण मेश्रामभाऊ आडवे आले.

"फ्रॉक कोणत्या रंगाचा?"

"मालूम नाई जी. शेजारच्या बायायनं घालून देला."

"वय?"

"तिच्या मायले मालूम होतं. आठ दिस झाले, ते गेली."

मेश्रामभाऊंचा आवाज उतरला, पण नियम तो नियम. "काहीतरी खूण सांग बाबा. तिच्या बापाले मालूम असंल अशी."

"मी कामाले निघतो तवा ते झोपली राह्यते, येतो तवाई झोपलीच राह्यते. झोपेत तिचे डोळे पुरे मिटत नाई जी. अर्धे उघडेच राह्यतात."

मेश्रामभाऊंनी बाकाशी वाकून पाहिलं आणि बाजूला सरले. मी पोरीला हलवायला हात पुढे केला.

"उठवू नका बाई," तो म्हणाला. "तशीच उचलतो. जागी झाली का माय मागते."